वाकडे पाऊल सरळ होते तेव्हा : एका शिरेचा छेद, तिचे भरून येणे आणि त्यानंतरची चार वर्षे





जमाखर्चाची पाने उलटून झाल्यावर वाचकांस एखाद्या उपचाराची माहिती सोप्या भाषेत द्यावी, अशी या अहवालाची प्रथा आहे. यंदा आम्ही जन्मतः वाकड्या असणाऱ्या पावलाचा, म्हणजेच ‘क्लबफूट’चा विषय घेतला आहे. त्याची कारणे दोन. आपल्या देणगीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी ही बहुधा सर्वांत लहान शस्त्रक्रिया असून तिचे फळ मात्र आयुष्यभराचे आहे, हे पहिले कारण. दुसरे असे की, या उपचाराचा हिशेब ठेवताना आमच्या कार्यालयाकडून एक चूक बरीच वर्षे होत राहिली. ती आपल्यापुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वह्यांत उमेद घालवलेली माणसे आहोत. पुढील माहिती आमच्या अस्थिरोग विभागातील डॉक्टरांकडून आम्हांस जशी समजली तशी लिहिली आहे.

वाकडे पाऊल म्हणजे काय?

हजार बालकांमागे साधारणपणे एक ते दोन बालके असे पाऊल घेऊन जन्मास येतात. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते आणि जवळजवळ निम्म्या बालकांची दोन्ही पावले वाकडी असतात. पाऊल आतल्या बाजूस वळलेले, तळवा आत व वर फिरलेला, तळव्याची कमान अधिक खोल आणि टाच वर ओढली गेलेली, अशा चार विकृती एकाच पावलात एकत्र असतात. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी पावलाच्या पाठीवर भार देऊन चालू लागते. त्या जागी घट्टे पडतात, जखमा होतात आणि चप्पल किंवा बूट पायात बसत नाही. शाळा दूर असेल तर ती सुटते.

बहुसंख्य बालकांत यामागचे नेमके कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा असतो; आई, वडील किंवा सख्ख्या भावंडास हा दोष असल्यास शक्यता वाढते. मात्र गरोदरपणी ग्रहणात विळी हाती घेतली, शिवणकाम केले, म्हणून बाळाचे पाऊल वाकडे झाले, असे जे आजही घराघरांत बोलले जाते त्यास काहीही आधार नाही. बाह्यरुग्ण विभागात डोळे पुसत बसलेल्या कित्येक माता आम्ही पाहिल्या आहेत. बाळाच्या पायाइतकाच हा दोषारोप त्यांना जड झालेला असतो. घरातील वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, यात आईचा कोणताही अपराध नाही.

प्लास्टरचे आठवडे

आज जगभर मान्य असलेली उपचारपद्धती डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या नावाने ओळखली जाते. १९१४ साली स्पेनच्या मेनोर्का बेटावर जन्मलेल्या या डॉक्टरांनी तेथील यादवी युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. युद्धाच्या अखेरीस देश सोडून ते फ्रान्स व मेक्सिकोमार्गे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेथेच त्यांनी ही पद्धती सिद्ध केली. त्या काळी मोठ्या शस्त्रक्रियांचा बोलबाला असल्याने अनेक दशके तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९५ साली आयोवातील जुन्या रुग्णांची, ते सरासरी ३४ वर्षांचे झाले असताना केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. जन्मतः दोष नसलेल्या व्यक्तींपैकी ८५ टक्के लोकांची पावले ज्या कसोटीवर उत्तम वा चांगली ठरली, त्याच कसोटीवर या रुग्णांपैकी ७८ टक्के उतरले. त्यानंतर जगाचे लक्ष तिकडे वळले. डॉ. पोन्सेटी २००९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, हा आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

पद्धती ऐकण्यास सोपी आहे. बाळ काही दिवसांचे किंवा काही आठवड्यांचे असतानाच डॉक्टर पाऊल हळुवार हाताने थोडे सरळ दिशेस नेतात आणि त्या स्थितीत बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून, प्लास्टर घालतात. आठवड्याने ते काढून पाऊल आणखी थोडे वळवतात व नवे प्लास्टर घालतात. तान्ह्या बाळाचे सांधेबंध लवचिक असतात. त्यांचे तंतू नागमोडी असल्याने हलक्या ताणाने ते सैल होतात आणि आठवड्याभरात त्या नव्या लांबीस रुळतात. अशी पाचसहा प्लास्टरे झाली की, आत वळलेले पाऊल बाहेरच्या बाजूस ६० ते ७० अंशांपर्यंत वळू लागते. प्रगती मोजण्यासाठी कॅनडातील डॉ. शफीक पिरानी यांनी गुणपद्धती तयार केली आहे. त्यात सहा लक्षणांना प्रत्येकी शून्य, अर्धा किंवा एक गुण देतात. सहा गुण म्हणजे सर्वांत वाईट, शून्य म्हणजे निर्दोष. दर आठवड्यास बाळाच्या कार्डावर हा आकडा उतरताना पाहणे आमच्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्या माणसांस फार समाधान देणारे असते.

मग शीर कापावी का लागते?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वडील आम्हांस विचारतात. प्लास्टरने पाऊल सरळ झाले, तर मग शस्त्रक्रिया कशासाठी?

चार विकृतींपैकी तीन प्लास्टरने दुरुस्त होतात. चौथी, म्हणजे वर ओढलेली टाच, बहुधा होत नाही. पोटरीचा स्नायू ज्या जाड दोरखंडासारख्या शिरेने टाचेच्या हाडाशी बांधलेला असतो ती शीर या बाळांत आखूड असते. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात; आपण सारे टाचेची शीर म्हणतो. पावलातील सांधेबंधांप्रमाणे ती ताणली जात नाही, कारण तिचे तंतू जाड, घट्ट आणि एकमेकांशी आवळलेले असतात. तिला जोर लावून ताणण्याचा प्रयत्न केल्यास टाच खाली येत नाही, उलट पाऊल मध्येच मोडल्यासारखे वाकते आणि तळवा झुलत्या खुर्चीच्या पायासारखा फुगीर होतो. वरवर पाहणाऱ्यास टाच खाली आल्याचा भास होतो, पण तो भासच असतो. म्हणून जोर न लावता शीर कापणे हाच अधिक सौम्य मार्ग ठरतो. दहापैकी आठ ते नऊ पावलांत ही पायरी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेस काही मिनिटे पुरतात. टाचेच्या मागील भागावर भूल देण्याचे मलम किंवा भुलीच्या औषधाचे थोडेसे इंजेक्शन दिले जाते. सूज येऊन शीर बोटाला नीट लागेनाशी होऊ नये म्हणून औषध मुद्दामच थोडे वापरतात. एक साहाय्यक पाऊल वर धरून शीर ताणतो. टाचेच्या हाडापासून साधारण एक ते दीड सेंटीमीटर वर, अगदी बारीक पात्याने, काही मिलिमीटरच्या छिद्रातून शीर आडवी पूर्ण कापली जाते. ती तुटताच हाताला झटका जाणवतो आणि पाऊल आणखी १५ ते २० अंश वर जाते. टाका घालावा लागत नाही. जखमेवर काही वेळ दाब देऊन त्याच टेबलावर शेवटचे प्लास्टर घालतात आणि ते तीन आठवडे ठेवतात.

कापलेली शीर भरते कशी?

‘तोडलेली शीर पुन्हा शिवत नाहीत, मग मूल चालेल कसे?’ असे आजोबा-आजी काळजीने विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यास वैद्यकालाही बराच काळ लागला.

शीर कापली तरी तिच्याभोवतीचे नाजूक आवरण बव्हंशी शाबूत असते. कापलेली टोके दूर सरकली की त्या आवरणाच्या नळीत रक्त साकळते. ही साकळलेली गाठ म्हणजे भरावाचा पहिला साचा होय. पहिल्या काही दिवसांत शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी तेथे येतात. त्यांच्यामागून तंतू विणणाऱ्या पेशी येतात आणि नवे तंतू आडवेतिडवे घालू लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दोन टोकांमध्ये अखंड पूल तयार झालेला असतो. सोनोग्राफीच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांत हे प्रत्यक्ष दिसून आले आहे. हा पूल आरंभी ओबडधोबड असतो. पुढील आठवड्यांत व महिन्यांत, स्नायूची ओढ ज्या दिशेने असते त्या दिशेस तंतू रांगेने लागतात आणि शीर पूर्वीसारखी मजबूत होते.

येथे प्लास्टरचे काम ध्यानी घेण्यासारखे आहे. त्या तीन आठवड्यांत पाऊल वर धरून ठेवलेले असल्याने भराव होतो तो लांब झालेल्या अंतरावर. म्हणजे शीर नुसती जुळत नाही, लांब होऊन जुळते. प्लास्टर निसटले किंवा लवकर काढले, तर ती आखूड अवस्थेतच जुळण्याचा धोका असतो. सुरी काही क्षणांत मोकळीक देते, पण ती मोकळीक टिकवतात ते पुढचे तीन आठवडे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आम्हांस समजावली. पूर्वी वाकड्या पावलासाठी मोठी शस्त्रक्रिया केली जाई. तीत एकाच वेळी अनेक शिरा लांब करून सांध्यांची आवरणेही उघडत असत. पाऊल सरळ दिसे. परंतु सांध्यांभोवतीच्या त्या जखमा कठीण व्रणांनी भरत आणि अशी पुष्कळ पावले तरुणपणी ताठर व दुखरी होत. एकच शीर तिच्या आवरणात कापली तर शीरच भरून येते. सांध्यांभोवती दहा ठिकाणी कापले तर व्रण भरून येतो. मोठी शस्त्रक्रिया आजही काही अवघड पावलांसाठी लागते, पण ती शेवटचा उपाय म्हणून.

या छेदाचा पूर्वेतिहास

वाकडे पाऊल हातांनी वळवून बांधण्याची कल्पना प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत आहे. शीर भरून येते हे दाखवणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर येतात. १७६७ साली त्यांची स्वतःचीच टाचेची शीर तुटली, तेव्हा त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ती कशी जुळते याचा अभ्यास केला. १८१६ साली फ्रान्समधील देलपेश यांनी त्वचेखालून शीर कापून पाहिली, पण जखम चिघळल्याने ते त्या वाटेस पुन्हा गेले नाहीत. १८३१ पासून जर्मनीतील हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर यांनी लहानशा छिद्रातून हाच छेद यशस्वी केला. भूल देण्याचे ईथर प्रचारात आले ते १८४६ साली, म्हणजे त्याच्याही पंधरा वर्षांनंतर.

१८३६ साली श्ट्रोमायर यांच्याकडे विल्यम जॉन लिट्ल नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर आला. बालपणीच्या आजाराने त्याचे स्वतःचे पाऊल वाकडे झाले होते. छेद यशस्वी झाला. बरा झालेला हा रुग्ण ती विद्या शिकून लंडनला परतला आणि पुढे अशा व्यंगांसाठीच्या तेथील पहिल्या धर्मादाय रुग्णालयाचा संस्थापक झाला. धर्मादाय संस्थेत आयुष्य वेचलेल्या आम्हांस या इतिहासातील हा धागा विशेष जवळचा वाटतो.

खरी परीक्षा ब्रेसची

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघते तेव्हा पाऊल सरळ असते. घरात पेढे वाटले जातात. आणि नेमक्या याच दिवशी उपचाराचा सर्वांत लांब भाग सुरू होतो.

ज्या कारणांनी पाऊल गर्भात वाकडे झाले ती शरीरात पुढेही काही वर्षे कार्यरत असतात. म्हणून दोन बूट एका आडव्या पट्टीवर बसवलेला ब्रेस घालावा लागतो. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, मूल चार वर्षांचे होईपर्यंत. या काळात ब्रेस सोडणे हे विकृती परतण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. परतलेले पाऊल पुन्हा प्लास्टरने सरळ करता येते. काही मुलांत पुढे, अडीच-तीन वर्षे वयानंतर, पावलास आत ओढणारी पुढची शीर तिच्या जागेवरून काढून पावलाच्या मध्यभागाकडे बसवावी लागते.

आमच्या हिशेबातील चूक

आता ती चूक सांगतो. आमच्या नोंदवहीत शेवटचे प्लास्टर निघाले की बाळाच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडत असे. ती नोंद अहवालात शस्त्रक्रियांच्या संख्येत मिळवली जाई आणि देणगीदारांस आभारपत्र रवाना होई. हिशेब चोख होता.

एके दिवशी एक माता अडीच वर्षांच्या मुलास घेऊन आमच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. मुलाचे उजवे पाऊल पुन्हा आत वळले होते. बूट लहान झाले, नवे मिळतील हे कोणी सांगितले नाही. दोन एसट्या बदलून यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. रात्री बाळ रडते म्हणून सासूबाई म्हणाल्या, पाय सरळ झालाय, आता त्याला कशाला छळता. हे सर्व तिने तक्रारीच्या सुरात नव्हे, अपराधी स्वरात सांगितले. आम्ही नोंदवही काढली. तिच्या मुलाच्या नावापुढे आमच्याच कार्यालयाचा शेरा होता : ‘उपचार पूर्ण’. शेवटी ती म्हणाली, “साहेब, तुम्हीच पूर्ण म्हणून लिहिलंय, मग आम्हाला वाटलं झालं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. चार वर्षे मुदतीच्या ठेवीला पहिल्या तिमाहीतच ‘परिपक्व’ असा शिक्का मारणारा कारकून आम्ही बँकेत ठेवला नसता. येथे तोच शिक्का आम्ही मारत होतो. त्या मुलास पुन्हा प्लास्टरे घालण्यात आली, पाऊल सरळ झाले, आता रात्रीचा ब्रेस चालू आहे. शीर हलवण्याची शस्त्रक्रिया लागेल की नाही, हे डॉक्टर त्याची चाल पाहून ठरवतील.

त्या दिवसानंतर आम्ही तो शेरा बंद केला. आता मूल चार वर्षांचे होईपर्यंत खाते उघडे राहते. प्रत्येक भेटीची तारीख ठरते, भेट चुकली तर कार्यालयातून दूरध्वनी जातो आणि बुटांचे माप वाढले की नवी जोडी दिली जाते.

देणगीदारांस आणि पालकांस विनंती

देणगीदारांनी एक गोष्ट समजून घ्यावी. शस्त्रक्रियेसाठी देणगी देण्यास पुष्कळ हात पुढे येतात. बुटांच्या जोडीसाठी आणि एसटीच्या तिकिटासाठी फार थोडे. शस्त्रक्रियेच्या खोलीवर नावाची पाटी लावता येते, मुलाच्या पायातील बुटावर ती लावता येत नाही. पण शिरेचा छेद काही मिनिटांचा आणि अल्प खर्चाचा आहे. खर्च आणि कष्ट आहेत ते पुढील चार वर्षांत. म्हणून शस्त्रक्रिया निधीतील काही भाग ‘ब्रेस व प्रवास निधी’ म्हणून वेगळा ठेवण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती द्यावी आणि देणगीदारांनी त्यास संमती द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

पालकांसाठी काही गोष्टी येथे नोंदवतो :

बाळाचे पाऊल वाकडे दिसताच पहिल्या काही आठवड्यांत दाखवावे. उशीर झाला असला तरीही आणावे, उपचार होऊ शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघर येथे झाला. त्यात तपासल्या जाणाऱ्या जन्मदोषांत क्लबफूटचा समावेश आहे. गावातील आशाताई वा अंगणवाडीताईंकडे चौकशी करावी.

प्लास्टर घातल्यावर बोटे गुलाबी व उबदार आहेत ना, हे वरचेवर पाहावे. बोटे निळी-पांढरी पडली, फार सुजली किंवा आत सरकून दिसेनाशी झाली, तर वाट न पाहता रुग्णालयात यावे. शीर कापल्यानंतर प्लास्टरवर रक्ताचा लहान डाग दिसू शकतो. तो वाढत असल्यास कळवावे. आदल्या रात्री घरी प्लास्टर भिजवून काढू नये, मिळालेली सुधारणा त्या एका रात्रीत कमी होते.

ब्रेस घालताना सुती मोजे घालावेत, टाच बुटाच्या तळाशी टेकली आहे ना ते पाहून मधला पट्टा प्रथम आवळावा. पहिल्या दोनतीन रात्री बाळ रडते. दोन्ही पाय एकदम कसे हलवायचे हे खेळता खेळता शिकवले की सवय होते. कातडीला फोड आला तर ब्रेस परस्पर बंद न करता आमच्याकडे दाखवावा.

उपचारानंतरही ते पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित लहान आणि ती पोटरी थोडी बारीक राहते. याने चालण्या-धावण्यात, खेळण्यात अडचण येत नाही. घाबरून जाऊ नये.

ती माता आता दर भेटीस येते. मागच्या खेपेस तिने सासूबाईंनाही सोबत आणले होते. नातवाच्या पायात रात्री ब्रेस घालण्याचे काम आता आपणच करतो, असे त्या वृद्ध बाई आम्हांस आवर्जून सांगत होत्या. त्या मुलाच्या नावापुढचा रकाना अजून रिकामा आहे. तो योग्य दिवशी भरण्याचे भाग्य आम्हांस आपल्या साहाय्याने लाभो.